वडिलांचं नाव : एक रिकामा रकाना (युद्धातल्या अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांबद्दल)

दाखलखारीज

मी एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. एकवीस वर्षं झाली. जून उजाडला की टेबलावर प्रवेशअर्जांचा गठ्ठा, बाहेर बाकावर पालक आणि मधे मी. यंदा एक बाई आल्या. आधार, जन्मदाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं पिशवीत नीट लावून आणलेलं. अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सोडून सगळं आणलंय." रकाना अर्थातच 'वडिलांचे नाव'. कॉम्प्युटरवर त्याच्यापुढे लाल चांदणी असते, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शेवटी साहेबांना विचारून मी तिथे एक टिंब टाकलं. टिंबाला मशीन काही म्हणत नाही.

त्या बाईंची गोष्ट निराळी होती, ती इथे सांगायची नाही. पण त्या टिंबावरून ऑक्टोबर २०२२ मधली एक बातमी आठवली. बांगलादेशात मुक्तियोद्ध्यांच्या राष्ट्रीय परिषदेनं ठरवलं, की १९७१ च्या युद्धातल्या अत्याचारांतून जन्मलेल्यांना 'जुद्धशिशु' म्हणून मान्यता द्यायची आणि सरकारी सवलतींसाठी त्यांच्याकडे वडिलांचं नाव मागायचं नाही. सिराजगंज जिल्ह्यातल्या अशाच एका आईच्या मुलीनं अर्ज केला होता, त्यावरून हा निर्णय झाला. शिशु म्हणायचं आणि वय पन्नास! पन्नाशीची बाई सरकारला लिहिते, की माझ्या बापाचं नाव विचारू नका.

थोडं मागचं सांगते. मार्च ते डिसेंबर १९७१ या काळात पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी सैन्यानं आणि त्याला साथ देणाऱ्या स्थानिक रझाकारांनी किती बायकांवर अत्याचार केले, याचे आकडे २ लाखांपासून ४ लाखांपर्यंत सांगितले जातात. त्यावर वाद आहेत, आणि ते इथे सुरू होऊ नयेत ही विनंती. स्वातंत्र्यानंतर काही दिवसांतच नव्या सरकारनं या बायकांना 'वीरांगना' म्हटलं. बंगालीत 'बीरांगोना'. हेतू चांगलाच होता. पण लोकांनी लगेच त्याचं 'बारांगोना' केलं, म्हणजे आपल्याकडची वारांगना. एका अक्षराचं काम.

ज्या गरोदर होत्या त्यांच्यासाठी सरकारनं गर्भपाताला तात्पुरती मोकळीक दिली, परदेशी डॉक्टर बोलावले. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जेफ्री डेव्हिस १९७२ मध्ये सहाएक महिने तिथे होते, ढाक्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून काम करत होते. पण पुष्कळ जणींचे दिवस फार भरत आले होते. ती बाळं जन्मली.

त्यांचं काय करायचं? मुस्लिम कायद्यात आपल्यासारखं दत्तक नाही, पालकत्व घेता येतं. म्हणून १९७२ मध्ये 'बांगलादेश परित्यक्त बालक आदेश' काढला आणि या मुलांचं पालकत्व सरकारनं स्वतःकडे घेतलं, म्हणजे ती बाहेर दत्तक देता येतील. जुन्या ढाक्यात इस्लामपूर रोडवर मदर तेरेसांच्या सिस्टरांचं शिशुभवन होतं, बरीच बाळं तिथे आली. जुलै १९७२ मध्ये त्यांतली १५ बाळं विमानानं कॅनडाला गेली. पुढे आणखी काही इतर देशांत.

नीलिमा इब्राहिम म्हणून ढाका विद्यापीठातल्या प्राध्यापक होत्या, पुनर्वसनाच्या कामात होत्या. त्यांनी तेव्हाचे पंतप्रधान शेख मुजीब यांच्याबद्दल लिहून ठेवलंय, की या मुलांविषयी विचारायला गेल्यावर ते म्हणाले, ज्यांना बापाची ओळख नाही त्यांना बाहेर पाठवा, ती माणसासारखी मानानं वाढू देत, आणि हे दूषित रक्त मला देशात ठेवायचं नाही. याच मुजीबांबद्दल दुसरी गोष्टही सांगतात, की कुणी बापाचं नाव विचारलं तर माझं लिहा आणि पत्ता लिहा धानमंडी ३२, म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते. आईला पदवी मिळाली, पण मुलासाठी एकतर उसना बाप, नाहीतर विमान.

आयांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मुलं त्यात 'परिणाम' म्हणून एका वाक्यात येतात. मला त्या वाक्यापुढचं वाचायचंय. कुणी काही वाचलं, पाहिलं असेल तर लिहा.

---

चकलीची भाजणी

ताई, सकाळी चहाबरोबर वाचायला घेतलं आणि चहा गार झाला. बीरांगोना-बारांगोना माहीत नव्हतं. वाचतेय.

---

उत्तरेकडचा

मी टोरांटोजवळ राहतो, म्हणून त्या १५ जणांबद्दल थोडं वाचलं होतं. मॉन्ट्रियलकडच्या काही जोडप्यांनी 'फॅमिलीज फॉर चिल्ड्रन' नावाची संस्था काढली होती. त्यातले फ्रेड आणि बॉनी कापुचिनो हे नवरा-बायको स्वतः ढाक्याला गेले, मंत्रालयात खेटे घातले आणि १५ बाळं घेऊन आले. १४ घरांत ती वाढली. बहुतेक घरं गोरी, त्यातल्या काहींना आधीच स्वतःची मुलं होती. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी मुलांपासून काही लपवलं नाही. तू कुठून आलास, कसा आलास, हे जरा मोठं झाल्यावर सांगितलं.

त्यातले काही जण मोठेपणी ढाक्याला जाऊन आले. तिथे त्यांचं स्वागत झालं, पेपरात फोटो आले. पण आई शोधायची कशी? तिनं नाव दिलेलं नसायचं, किंवा दिलेलं खरं नसायचं. लपूनछपून आलेली बाई खरा पत्ता का देईल?

देशाबाहेर पाठवलं ते बरोबर की चूक, यावर माझं मत इथे राहून बदललं. आधी वाटायचं, घाण साफ केल्यासारखं केलं. आता वाटतं, ज्या मुलांना शेजारीपाजारी 'पाकिस्तानी' म्हणून हाका मारणार होते, त्यांच्यासाठी थंडी परवडली.

---

कोरडा ठाक

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न. पन्नास वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होतं? जी बाई कुठल्यातरी खेड्यात नातवंडं खेळवतेय, तिच्या नवऱ्यालाही माहीत नसेल. तुम्ही मान्यता-मान्यता करता आणि तिचा संसार उघड्यावर येतो. विसरू द्या ना.

दुसरं, बाहेर दत्तक देणं ही पळवाटच होती. देशाचं पोर देशानं सांभाळावं.

---

दाखलखारीज

कोरडा ठाक, पहिल्या मुद्द्यात दम आहे. नाव उघड झाल्यावर सुनेनं, जावयानं बोलणं बंद केलं असं वीरांगनांच्या बाबतीत खरंच झालंय. पण अर्ज त्या मुलीनं स्वतः केला होता. विसरायचं की नाही हे तिनं ठरवलं, आपण नाही.

दुसऱ्याबद्दल, देश सांभाळायला तयार नव्हता. नीलिमा इब्राहिम यांच्याच लिखाणात आहे, की पाकिस्तानी युद्धकैद्यांबरोबर भारतात जायला निघालेल्या तीस-चाळीस बायकांना त्या भेटायला गेल्या, थांबा म्हणून विनवायला. बायका थांबेनात. घरचे घेणार नाहीत हे त्यांना कळून चुकलं होतं. ज्यांनी छळलं त्यांच्याच देशात जाणं त्यांना घरापेक्षा बरं वाटलं. याहून काय सांगू?

---

वकीलीण

त्यातलाच कायद्याचा भाग. त्या ९३ हजार युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर बांगलादेश खटले चालवणार होता. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ते १९५ जणही सुटून गेले. म्हणजे बापांचा हिशेब परराष्ट्र खात्यात मिटला. मुलांचा रकाना मात्र तसाच.

१९७२ चा तो परित्यक्त बालक आदेश १९८२ मध्ये रद्द केला. परदेशी दत्तक प्रकरणांत गैरप्रकार होतात अशी ओरड होती. त्यामुळे '७२ ची मुलं ही त्या एका दशकाच्या खिडकीतून बाहेर पडलेली आहेत.

आपल्याकडचं सांगते, कारण ताईंचं टिंब डोक्यातून जात नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य' या खटल्यात अविवाहित आईला मुलाच्या बापाचं नाव सांगायला भाग पाडता येणार नाही असा निकाल दिला. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला आई किंवा वडील, एकाचं नाव चालतं. पॅनकार्डाला डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असेल तर, वडिलांचं नाव सक्तीचं नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदावर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला. पण बघा, तरीही वडिलांची जागा आहेच. आपलं नावच असं आहे ना, मधलं नाव म्हणजे बाप. बंगाल्यांचं तसं नाही. आपल्याकडे बापाचा रकाना नुसता अर्जात नसतो, तो तुमच्या सहीतही असतो.

---

नानबा

मधल्या नावावरून आठवलं. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम गुरूकडे जातो, गुरू गोत्र विचारतात. आई जबाला म्हणते, मी तरुणपणी पुष्कळ ठिकाणी कामं केली, तू कुणाचा मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तू सत्यकाम जाबाल असं सांग. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी हा अर्ज मंजूर झाला होता. कर्णाचंही...

---

शेवंता

नानबाकाका, कर्ण नको हो! प्रत्येक धाग्यात कर्ण येतो. जबाला चालेल.

मी बोस्नियाबद्दल लिहिते, कारण तिथे ही मुलं स्वतः बोलायला लागली. १९९२ ते ९५ चं युद्ध. अत्याचारांचा नेहमी दिला जाणारा अंदाज २० हजार बायकांचा. मुलं किती जन्मली याची धड नोंद नाही. तिथल्या अर्जांवरही आपल्यासारखंच आहे. शाळा, दवाखाना, नोकरी, जिथे जाल तिथे नावाच्या खाली 'वडिलांचं नाव'. झेनित्सा गावची आयना युसिच ही अशाच एका आईची मुलगी. तिनं आणि इतरांनी मिळून २०१५ मध्ये 'युद्धाची विसरलेली मुलं' अशा नावाची संघटना काढली. त्यांची एक मोहीम अगदी ताईंच्या टेबलावरची होती. अर्जात 'वडिलांचं नाव' याऐवजी 'एका पालकाचं नाव' लिहा. एवढंच. आणि त्या एवढ्याशासाठी किती वर्षं गेली!

या मुलांची एक पंचाईत अशी, की कायद्यात ती कुठेच बसत नव्हती. सैनिकाचं पोर म्हणावं तर मेलेल्या किंवा जखमी झालेल्या *आपल्या* सैनिकाचं असावं लागतं. नागरी पीडित म्हणावं तर अत्याचार आईवर झाला, मुलावर नाही. ब्र्च्को जिल्ह्यानं २०२२ मध्ये आणि मग बोस्नियातल्या फेडरेशननं (देशाच्या दोन मोठ्या भागांपैकी एक) २०२३ मध्ये कायद्यात त्यांची वेगळी नोंद केली. तोवर ती तिशीत आली होती.

गोराझ्दे गावातली एक गोष्ट. अत्याचारातून जन्मलेलं बाळ आई इस्पितळात सोडून गेली. तिथे काम करणाऱ्या एका माणसानं ते घरी नेलं. घरात दोन मुली होत्या, हा तिसरा. गाव वेढ्यात, खायची मारामार. मुलाला आपण कोण हे कळलं ते शाळेत भांडणात दुसऱ्या पोरानं तोंडावर फेकलं तेव्हा. पुढे तो मोठा होऊन त्याच इस्पितळात नोकरीला लागला.

मला यात शाळेतल्या भांडणाचंच सगळ्यात जास्त लागलं. घरातल्यांनी कितीही झाकलं तरी गावाला माहीत असतं. आणि गाव ते योग्य वेळी बाहेर काढतं.

---

इंद्रायणीकाठची

शेवंता, शेवटचं वाक्य शंभर टक्के. मी पुण्याकडे एका दत्तक संस्थेत समुपदेशक म्हणून काही वर्षं काम केलं. युद्धाशी संबंध नाही, पण बलात्कारातून जन्मलेली मुलं आमच्याकडे यायची. पालक विचारायचे, "हे सांगायचं का?" दत्तक आहे हे सांगा, लवकर सांगा, चौथ्या-पाचव्या वर्षीच गोष्ट म्हणून सांगा, हे आम्ही ठासून सांगायचो. पण 'कसा जन्मलास' याला आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. आणि जे उत्तर आम्ही देत होतो, ते आज मला अर्धवट वाटतं.

एक मुलगा होता, बारा-तेरा वर्षांचा. त्याला कळलं होतं. माझ्यासमोर बसला, टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत राहिला. मी काही विचारायच्या आधी म्हणाला, "माझे हात त्याच्यासारखे आहेत का?" आईचा प्रश्नच नव्हता त्याच्या डोक्यात. स्वतःच्या हातांचा होता. मी काय बोलले ते आता आठवत नाही, काहीतरी शहाण्यासारखं बोलले असेन. स्टेपलरचा आवाज आठवतो.

रवांडाबद्दल वाचताना हा मुलगा डोळ्यांपुढे येतो. तिथे १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये नरसंहार झाला. त्यातल्या अत्याचारांतून झालेली मुलं १९९५ च्या सुरुवातीला जन्मली. लोक त्यांना फ्रेंचमध्ये 'वाईट आठवणीची मुलं' म्हणत. सरकारनं नरसंहारातून वाचलेल्यांसाठी मदतनिधी काढला, शाळेची फी, दवापाणी. या मुलांना त्यातलं काही नाही. का? तर नरसंहार झाला तेव्हा ती जन्मलेलीच नव्हती. तारखेचा हिशेब. आई पीडित, तिची आधीची मुलं पीडित, आणि हे शेंडेफळ मात्र कुणीच नाही. एकाच घरात एकाची फी निधीतून आणि दुसऱ्याची आईच्या मजुरीतून.

---

माळरान

तारखेचा हिशेब आपल्याही सरकारनं केलाय. फाळणीत पळवून नेलेल्या बायकांना परत आणण्यासाठी १९४९ चा कायदा होता. मृदुला साराभाई त्या मोहिमेच्या प्रमुख. त्या कायद्यात 'अपहृत' कोण याची व्याख्या अशी, की १ मार्च १९४७ नंतर आणि १ जानेवारी १९४९ च्या आधी जी घरच्यांपासून तुटली आणि आता दुसऱ्या कुणा माणसाच्या किंवा कुटुंबाच्या ताब्यात आहे, ती. आणि १ मार्च १९४७ नंतर तिला झालेलं मूलसुद्धा. बाई 'नको, मी इथेच राहते' म्हणाली तरी पोलीस नेऊ शकत होते. दोन्हीकडून मिळून ३० हजारांच्या आसपास बायका अशा परत आणल्या. कित्येकींना मुलं झाली होती. मूल कुणाचं? या देशाचं की त्या? हिंदूंचं की मुसलमानांचं? संविधान सभेत यावर भांडणं झाली. पोटुशी परत आलेल्यांसाठी छावण्यांत 'सफाया' हा शब्द रूढ होता. गर्भपात तेव्हा गुन्हा होता बरं का, तरी सरकारी खर्चानं होत होता.

म्हणून बांगलादेशला नावं ठेवताना जरा हळू.

---

कोरडा ठाक

@माळरान, नावं कुणी ठेवली? असो. सफाया हे माहीत नव्हतं. पटलं.

पण माझा मूळ प्रश्न उरतोच. आईला ते मूल नकोसं असेल तर? आपण सगळे इथे मुलाच्या बाजूनं बोलतोय. तिनं रोज त्या चेहऱ्याकडे बघायचं?

---

शेवंता

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला एक उत्तर नाही. रवांडा, बोस्निया दोन्हीकडच्या आयांनी दोन्ही सांगितलंय. एकीला मूल बघवत नाही, दुसरी म्हणते सगळं गेलं तेव्हा हेच एक उरलं. एकाच बाईच्या मनात एकाच दिवशी दोन्ही असू शकतं.

पण कधी आईला हवं असतं आणि बाकीचे देत नाहीत. यझिदींचं उदाहरण घ्या, इराकातला एक छोटा धर्मसमाज. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकात सिंजारवर आयसिसनं हल्ला केला, हजारो बायका-मुली पळवून विकल्या. सुटून आलेल्या मुलींना त्यांच्या धर्मगुरूंनी परत घेतलं, लालिशच्या मंदिरात पवित्र पाण्यानं विधी केले. एवढ्या बंदिस्त समाजात ही मोठीच गोष्ट होती. पण मुलांचं काय? यझिदी व्हायला आई-बाप दोघं यझिदी लागतात. त्यात इराकच्या कायद्यानं मूल मुसलमान म्हणूनच नोंदवलं जातं. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्या धर्मपरिषदेनं पत्रक काढलं, सगळ्या वाचलेल्यांना स्वीकारा. लोकांना वाटलं मुलंही आली त्यात. काही दिवसांतच खुलासा आला, नाही, मुलं त्यात नाहीत.

म्हणजे पोरींपुढे निवड अशी, की गाव हवं तर मूल सोडा, मूल हवं तर गाव सोडा. कित्येकींनी मुलं अनाथालयात ठेवून घर गाठलं. काही मुलांसाठी मागे परतल्या. मार्च २०२१ मध्ये इराकनं वाचलेल्यांसाठी भरपाईचा कायदा केला, पेन्शन, जमीन, शिक्षण. मुलांबद्दल त्यात चकार शब्द नाही.

---

संपादक मंडळ

धर्मावरून सुरू झालेले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषय मुलांचा आहे, तिथेच राहू द्या.

---

चकलीची भाजणी

बरं केलंत.

मला वेगळंच सुचलं. आपल्याकडे या मुलांना काय म्हणायचं? 'अनौरस' म्हणजे काय तर औरस नाही तो. 'बेवारस' म्हणजे वारस नाही. 'परित्यक्त' म्हणजे टाकलेला. सगळे शब्द 'नाही'चे. 'युद्धशिशु' त्यातल्या त्यात बरा, पण पन्नाशीच्या माणसाला शिशु कसं म्हणणार?

---

वकीलीण

संयुक्त राष्ट्रांच्या कागदांतही हे असंच घोटाळत आलंय. २००० पासून बायका आणि युद्ध यावर सुरक्षा परिषदेचे ठराव आहेत. पण अशा अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांचा स्वतंत्र विचार एप्रिल २०१९ च्या २४६७ क्रमांकाच्या ठरावात आला. एकोणीस वर्षांनी.

एक बरी बातमी देते. युगांडात एलआरए नावाची बंडखोर टोळी होती, मुलं पळवायची, मुलींना कमांडरांच्या 'बायका' करायची. त्यांचा एक कमांडर डॉमिनिक ऑंगवेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०२१ मध्ये दोषी ठरवलं. सक्तीचं गरोदरपण हा गुन्हाही त्यात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये भरपाईचा आदेश आला, ५ कोटी २० लाख युरोंच्या वर. त्यात या अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांना *थेट पीडित* धरलंय. आईमुळे नाही, स्वतःच्या नावानं. रवांडाचा तो तारखेचा हिशेब इथे मोडला. पैसे आरोपीकडे नाहीत, ते विश्वस्त निधीनं उभे करायचेत आणि प्रत्येकाच्या हाती फार तर ७५० युरो पडणार आहेत. तेही कधी, देव जाणे. पण कागदावर ते मूल आलं.

आणि ऑंगवेनलाही लहानपणी शाळेच्या वाटेवरूनच पळवलेलं होतं. हे मी निकालपत्र वाचताना दोनदा वाचलं.

---

बावन्न पत्ते

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहितो.

माझे वडील १९७१ ला लष्करात, सिग्नल्समध्ये होते. जेसोरच्या बाजूनं आत गेले. युद्धाबद्दल घरी बोलायचे, पण पूल, नदी, चिखल, कुणाचा बूट अडकला, असलं. बायकांबद्दल एकदाच बोलले, तेही माझ्या आईनं विचारलं म्हणून. म्हणाले, "गावात शिरलो की पुरुष मिठ्या मारायचे, पोरं मागं धावायची. बायका दारं लावून घ्यायच्या. आम्ही त्यांच्याकडून लढायला आलो होतो, पण त्यांना गणवेश दिसायचा. आमचा हिरवा, त्यांचा खाकी. बुटांचा आवाज तोच."

एका घरात पाण्यासाठी हाक मारली तर म्हातारी बाहेर आली. आतून कुणीतरी रडतंय असं वाटलं. म्हातारीनं पाण्याचा तांब्या दारातच ठेवला आणि कडी लावली. ते तांब्या रिकामा करून उंबऱ्यावर ठेवून आले. एवढंच. कोण रडत होतं, ते त्यांनी कधी म्हटलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

---

उत्तरेकडचा

बावन्न पत्ते, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

दाखलखारीज

सगळ्यांचं वाचलं, एकेक करून उत्तर देता येत नाहीये, राग नको. इंद्रायणीकाठची, तुमच्या स्टेपलरचा आवाज मलाही ऐकू आला, माझ्या टेबलावर तोच असतो.

वकीलीणबाई, एक विचारायचं होतं. ते टिंब मी टाकलंय ते पुढे दाखल्यावर छापून येईल का? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'सुमित . शिंदे' असं आलं तर (नाव बदललंय) तो मुलगा आयुष्यभर ते टिंब घेऊन हिंडेल.

---

वकीलीण

येईल. काढून घ्या. एकट्या आईच्या अर्जावर आईचंच नाव मधे लिहिता येतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सोबत जन्मदाखला जोडा. दुरुस्ती आत्ताच करा, दहावीचा फॉर्म बोर्डाकडे गेल्यावर निस्तरायला फार त्रास होतो. 'एबीसी' निकालाची प्रत पाठवते. ऑफिसात कुणी वाद घातला तर त्यांच्यापुढे ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

---

दाखलखारीज

केलं. साहेबांनी सही दिली. मशीननं आईचं नाव एका झटक्यात घेतलं. म्हणजे लाल चांदणीला काहीतरी हवं होतं, कोण हवं होतं याची तिला पडलेली नव्हती.

---

बावन्न पत्ते

काल संध्याकाळी हा धागा वडिलांना वाचून दाखवला. ७८ वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, कान चांगले आहेत. कॅनडाच्या १५ बाळांपाशी त्यांनी मला थांबवलं.

"ती पोरं आता केवढी असतील?"

मी म्हटलं, बाहत्तर सालची, म्हणजे त्रेपन्नच्या आसपास.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्याएवढी."

मी एप्रिल १९७२ चा.